पहिला नंबर गोलकीपरचा

आमच्या मराठी मंडळात गोलकीपर कोणी निवडत नाही, तो शेवटी उरतो. ज्याचा गुडघा दुखतो, ज्याचं पोट सुटलंय किंवा जो परवाच भारतातून आल्यामुळे अजून पेंगतोय, त्याला दोन खांबांच्या मध्ये नेऊन उभं करतात. इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला राहायला आल्यापासून मी हे बघते आहे, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दर जूनमध्ये कौन्सिलच्या मैदानावर मंडळाची सात-सात जणांची फुटबॉल स्पर्धा असते. संघ चार. त्याआधी महिनाभर एका रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये पोहे आणि चहा होतो आणि मग ‘ड्राफ्ट’. म्हणजे चार कॅप्टननी पाळीपाळीने एकेक खेळाडूचं नाव पुकारायचं आणि आपला संघ भरायचा. आमच्यात बहुतेक लोक आयटीतले, त्यामुळे या सगळ्याचं एक्सेल शीट असतं. अध्यक्षांनी स्वतः बनवलेलं, रंगीबेरंगी, पडद्यावर मोठं करून दाखवायचं. त्यात दोन पानं. पहिल्या पानावर पुरुष आणि मोठे मुलगे. दुसऱ्या पानावर ‘लेडीज’. प्रत्येक संघात एक तरी बाई मैदानावर हवीच असा नियम आहे आणि कमिटीला त्याचा फार अभिमान आहे. फक्त ते दुसरं पान शेवटच्या फेरीत उघडतं. तोपर्यंत लोकांनी खुर्च्या आवरायला घेतलेल्या असतात आणि कॅप्टन फोनमधून मान वर न काढता म्हणतात, “कोणीही चालेल.”

गेल्या वर्षी असंच माझ्या मुलीच्या बाबतीत झालं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. तोवर चार हिवाळे ती इथल्या मुलींच्या क्लबमध्ये गोलकीपर म्हणून खेळलेली, दर शनिवारी सकाळी चिखलात लोळून येणारी. तिच्या कॅप्टननं, जो एरवी भला माणूस आहे, “कोणीही चालेल, ही घेतो” असं म्हटलं आणि हॉल हसला. मीही हसले. सवयीनं हसले, चारचौघांत हसायचं असतं म्हणून हसले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं मला हसताना पाहिलं. स्पर्धेच्या दिवशी तिला उजव्या कोपऱ्यात उभं केलं, जिथे बॉल दोनदा आला. गोलमध्ये दुखऱ्या गुडघ्याचे एक गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूनं किती बॉल गेले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदाच्या कमिटी मीटिंगमध्ये मी त्या दुसऱ्या पानाचा विषय काढला. अध्यक्ष गोड हसले आणि म्हणाले, “एक कॅप्टन स्कॉटलंडला शिफ्ट झालाय. मग तुम्हीच व्हा ना कॅप्टन.” त्यांना वाटलं, मी “छे हो, मला कुठे” असं म्हणून गप्प बसेन. मी म्हटलं, “होते.” घरी येईपर्यंत माझा नवरा व्हाइस-कॅप्टन झालेला होता. मला कोणी विचारलं नव्हतं. बहुधा एवढ्या मोठ्या जबाबदारीला बाईबरोबर एक पुरुष माणूस असावा असं कमिटीला वाटलं असावं.

मग व्हिडिओ कॉलवर चिठ्ठ्या उचलल्या आणि माझी चिठ्ठी एक नंबरची निघाली. पहिला खेळाडू निवडायचा मान माझा.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. पहिला खेळाडू कोण याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. मंडळातल्या एका बाईंचा भाऊ केंब्रिजला संशोधन करतो आणि दर उन्हाळ्यात बहिणीकडे येतो. स्ट्रायकर म्हणून तो इतका भारी आहे की त्याच्या पायात बॉल गेला की समोरचे लोक आधीच हात कमरेवर ठेवतात. गेल्या दोन्ही वर्षी तो ज्या संघात होता तो संघ जिंकला. सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटापाशी लोक मला अडवून अभिनंदन करू लागले. “लकी आहात, केंब्रिजवाला तुमचा!”

आमच्या स्वयंपाकघरात मात्र रोज संध्याकाळी वादावादी. नवरा कागदावर चौकोन काढून बसायचा.

“आधी स्ट्रायकर, मग मिडफिल्डला दोन दणकट माणसं, मग डिफेन्स,” तो म्हणाला.

“आधी गोलकीपर,” मी म्हटलं.

“अगं, गोल मारल्याशिवाय कोणी जिंकतं का?”

“गेल्या वर्षी आपले किती गोल झाले होते? पाच. आणि तरी हरलो. का हरलो?”

“ते गुडघ्यामुळे.”

“मग?”

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. वीस वर्षं मी हेच बघते आहे. नवीन काहीतरी बनवणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि ते कोसळू न देणाऱ्याचं नावही कोणाला माहीत नसतं. त्यामुळे या मुद्द्यावर मी जरा जास्तच पेटते हे मला कबूल आहे. पण नवऱ्याकडे एक हुकमी पत्ता होता आणि तो त्याने तिसऱ्या दिवशी टाकला.

“बरं, गोलकीपर हवी. आपलीच हवी, मान्य. पण ती कुठे पळून चाललीये? तिला दुसरं कोणी घेणारच नाही. तू पहिल्या फेरीत केंब्रिजवाला घे आणि शेवटच्या फेरीत पान उघडलं की तिला घे. दोघंही मिळतील. जराही डोकं असेल तो माणूस हेच करेल.”

त्याचं बरोबर होतं. मी रात्रीच्या भाताचं पाणी ठेवलं. हिशेबानं बघितलं तर त्याचाच मुद्दा खरा होता. तिला शेवटी ठेवायचं, कारण तिची किंमत कोणालाच कळलेली नाही, आणि त्याचा फायदा आपण घ्यायचा. गेल्या वर्षी लोकांनी जे नकळत केलं ते यंदा तिची आई ठरवून, कागदावर चौकोन काढून करणार होती.

मुलगी तेव्हा जिन्यावर बसून ऐकत होती. ती खाली आली आणि सरळ मला म्हणाली, “आय डोन्ट वॉन्ट इट. तू मला फर्स्ट पिक करणार बिकॉज मी तुझा मुलगी आहे. सगळे तेच म्हणणार.”

“मग शेवटी घेऊ?”

“लास्टला घेतलं तर मी येणारच नाही.”

“मग मी करू तरी काय, बाई?”

“तुला कीपर पाहिजे का ते ठरव,” ती म्हणाली. “नसेल पाहिजे तर नको घेऊ. ऑनेस्टली.” आणि वर निघून गेली.

हे मला जिव्हारी लागलं. कारण पाच हिवाळे मी तिला मैदानावर सोडायला जात होते, थर्मासमधून चहा पीत गाडीत बसत होते आणि लॅपटॉपवर मेल बघत होते. ती कशी खेळते हे मला तिच्या कोचकडून ऐकून माहीत होतं. त्या शनिवारी मी गाडीतून उतरले आणि पूर्ण मॅच उभी राहून पाहिली. ती ओरडत होती. घरी तोंडातून शब्द न काढणारी माझी मुलगी स्वतःच्या डिफेंडरना नावानं हाका मारून डावीकडे-उजवीकडे हलवत होती, आणि मोठ्या मोठ्या पोरी तिचं ऐकत होत्या. एकदा समोरची मुलगी एकटी बॉल घेऊन धावत आली तेव्हा ही पुढे गेली, तिच्या पायांत स्वतःला झोकून दिलं, बॉल छातीशी धरून उठली आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा ओरडायला लागली. मला कीपर पाहिजे होती. हीच पाहिजे होती. ती माझी मुलगी नसती तरी पाहिजे होती.

ड्राफ्टच्या दिवशी पोहे संपले, अध्यक्षांनी पडदा लावला आणि माझ्याकडे हात केला. हॉलमध्ये कोणीतरी आधीच केंब्रिजवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मी उठून मुलीचं नाव घेतलं.

अध्यक्षांनी सवयीनं टाइप केलं. शीटवर लाल चौकोन आला. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल.

“शीट घेत नाहीये,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. “पहिल्या फेरीत पहिल्याच पानावरची नावं चालतात. तसं सेट केलंय.”

“नियमात कुठे लिहिलंय?”

“नियमात म्हणजे... शीटमध्ये आहे ना.”

त्या खोलीत पन्नासेक लोक होते आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण ते कुलूप दोन क्लिकमध्ये काढू शकत होता. एकही हलला नाही. सगळे पडद्याकडे असे बघत होते की जणू वरून कोर्टाचा निकाल आलाय. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मग शीट चुकलंय,” मी म्हटलं. “बग आहे. मी दिवसभर हेच शोधते, मला ओळखता येतो.” मी पुढे गेले, लॅपटॉप माझ्याकडे वळवला, ती अट काढून टाकली आणि नाव टाइप केलं. हिरवं झालं.

“अहो, पण घरातलीच मुलगी पहिली? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी तिची एक तरी मॅच पाहिली आहे का? मी पाहिली आहे. मला गोलकीपर पाहिजे, मी गोलकीपर घेतली. आता दोन नंबरनं खुशाल केंब्रिजवाला घ्यावा.”

दोन नंबरच्या कॅप्टननं तो इतक्या घाईनं घेतला की त्याच्या कपातला चहा सांडला. माझा नवरा छताकडे बघत होता. मुलगी मागच्या भिंतीशी उभी होती, कान लाल, जबडा घट्ट. ती खूश दिसत नव्हती. ती घाबरलेली दिसत होती, आणि मलाही तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

स्पर्धेत आम्ही पहिल्या दोन मॅच एकही गोल न खाता जिंकलो. तिसरी, शेवटची मॅच म्हणजे फायनलच, आणि समोर अर्थातच केंब्रिजवाला. तिनं त्याचे तीन शॉट अडवले. तिसऱ्याला तो स्वतः हसला आणि तिला अंगठा दाखवला. दुसऱ्या बाजूला आमच्या एका माणसानं रिकामा गोल समोर असताना बॉल आकाशात मारला. तेव्हा लाइनवरून अध्यक्ष त्याच्यावर असे ओरडले की रस्त्यापलीकडच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. “डोळे कुठे होते रे तुझे? पाय आहे की काय आहे!” तोही खजील होऊन कान धरत परत धावला.

शेवटची दोन मिनिटं राहिली असताना केंब्रिजवाला डावीकडून आला. तो बॉल मध्ये टाकणार असं वाटून ती एक पाऊल पुढे सरकली. त्यानं तो तिच्या आणि खांबाच्या मधून आत सारला. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली. आम्ही एक-शून्यनं हरलो.

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. लोक गोळा झाले. “जाऊ दे, जाऊ दे,” चारी बाजूंनी सुरू झालं. अध्यक्ष संत्र्याच्या फोडींची ताटली घेऊन आले, वाकले आणि आपल्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाले, “छान खेळलीस हो बेटा. मुलगी असून कमाल केलीस. एक गोल काय, होतं असं. मनाला लावून घ्यायचं नाही.”

तिनं ग्लोव्ह्ज काढले. चेहरा चिखलानं आणि रडण्यानं भरलेला होता आणि ती तो पुसतही नव्हती.

“नाही काका,” ती म्हणाली. “मी लवकर हलली. तो गोल माझा होता. माझ्यामुळे हरलो आपण.” मग आमच्या त्या बॉल आकाशात मारणाऱ्या माणसाकडे बोट करून म्हणाली, “त्याला ओरडलात ना तुम्ही? मग मला पण ओरडा.”

अध्यक्ष ताटलीतल्या फोडी नीट लावू लागले. त्यांना ते जमलं नाही, आजूबाजूच्या एकालाही जमलं नाही.

म्हणून मी ओरडले. जवळचा खांब उघडा टाकून पुढे कशाला गेलीस, तो क्रॉस करणार असं तुला कोणी येऊन सांगितलं होतं, पाच वर्षं काय शिकलीस, असं कार पार्क येईपर्यंत ओरडत राहिले, आणि ती नाक ओढत, हातवारे करत, प्रत्येक वाक्याला माझ्याशी भांडत आली.