गंजी आणि गव्हाण

गेल्या दिवाळीनंतर नाशिकमध्ये पिकांच्या अवशेषांवर एक कार्यशाळा झाली. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. अशा ठिकाणी मागच्या खुर्च्या भरायला मला बोलावतात. समई पाचव्या काडीला पेटली, गुच्छ दिले गेले, आणि मग प्रमुख पाहुण्यांनी देशातल्या मक्याच्या अवशेषांचा आलेख पडद्यावर आणला. कणसं काढून नेल्यावर मागे उरणारी ताटं आणि पानं, त्यांचा कित्येक दशकांचा हिशेब. रेघ सतत वर चढलेली. टाळ्या झाल्या. स्टेजच्या दोन्ही बाजूंना शोभेसाठी मक्याची खरी ताटं बांधली होती, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

मला एकच शंका होती. एवढी ताटं वजनाला लावली कोणी? चहाच्या वेळी पाहुण्यांना गाठून विचारलं.

"वजन करत नाहीत हो," ते म्हणाले. "धान्याचं उत्पादन घ्यायचं आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं."

"आणि तो आकडा?"

"तो ठरलेला आहे," असं म्हणून त्यांनी बिस्किट बुडवलं.

म्हणजे ती रेघ दाण्याचीच होती. कपडे बदलून स्टेजवर आली होती इतकंच.

त्याच आठवड्यात कळवणजवळच्या खेड्यात ताईकडे गेलो, जाताना पिशवीत ताणकाटा घेतला. ताईचा मका निघाला होता, रानात कांद्याची लागण सुरू होती आणि ताटांची गंजी गोठ्याशेजारी रचलेली होती. दाजींनी स्टेजवरच्या ताटांची गोष्ट ऐकली आणि काटा पाहिला.

"आता गंजी तोलायला नाशकाहून माणूस बोलावलाय का? आमच्याकडं खुंटी हाय, टांगा तिथं सदऱ्याशेजारी."

ताई मात्र हसली नाही. तिला माझा उपयोग होता. पिंपळगावचा एक दूधवाला अर्धी गंजी मागत होता, त्याचा टेम्पो चार दिवसांनी येणार होता. त्याच्या म्हशींच्या दुधानं ताईची नड एकदा भागवली होती, त्यामुळे नाही म्हणणं जड जात होतं. पण गेल्या उन्हाळ्यात चारा संपला म्हणून दोनातली एक गाय विकून टाकावी लागली होती. राहिलेली गाभण होती.

"तू एवढा हिशेबाचा माणूस," ताई म्हणाली. "अर्धी दिली तर हिला नवं गवत येईस्तोवर पुरंल का, तेवढं सांग."

मी दहा पेंढ्या काट्याला लावल्या, सरासरी काढली, गंजीतल्या पेंढ्या मोजल्या आणि गाय दिवसाला किती खाते ते दाजींना विचारून भागाकार केला. अर्ध्या गंजीत भागत होतं. मी स्वतःच दूधवाल्याला फोन लावून सांगितलं, "अर्धी खुशाल न्या." मला फार बरं वाटलं. देशात कोणी केलं नव्हतं ते मी गोठ्यात करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गव्हाण साफ करत होती. गाईनं खाऊन टाकून दिलेला चारा, चघळ म्हणतात त्याला, ती दोन्ही हातांनी उपसून टोपलीत टाकत होती. टोपली भरली. तिनं दुसरी ओढली.

"एवढं टाकते ही?"

"मग काय समदं खाती? पानं खाती, शेंडा खाती. बुडखा चघळून थुकती."

शेजारची म्हातारी कुंपणाजवळ उभी होती. गाव बागलाणच्या बाजूचं, तिची बोली अहिराणी. ती म्हणाली, "ते काय चारा शे का? लाकूड शे ते."

मी टोपल्यांजवळ बसून विचारपूस केली. जुना मका ठेंगणा होता, त्याचं ताट गोडसर, गाय बुडापर्यंत खायची. आताचा मका उंच वाढतो, दाणा भरपूर देतो, आणि वाऱ्यात पडू नये म्हणून बुडाशी लाकडासारखा टणक असतो. त्यात मजूर वेळेवर मिळत नाहीत, कणसं ताटावरच वाळतात, आणि तोडणीपर्यंत निम्मी पानं गळून रानात पडलेली असतात. हे सगळं ताईला माहीत होतं. मी गंजीबद्दल विचारलं होतं, गव्हाणीबद्दल नाही. आणि मी हिशेब करत असताना मध्ये बोलायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी शिस्त. माझ्याच शाळेच्या दिवसांपासून चालत आलेली.

मग काटा पुन्हा काढला. सकाळी गव्हाणीत टाकलेलं तोलायचं, दुसऱ्या सकाळी चघळ तोलायची. दोन दिवस केलं. दोन्ही दिवशी निम्म्याच्या आसपास टोपलीत परत. अख्खी गंजी ठेवली तरच गाय जेमतेम पावसापर्यंत पोचत होती.

टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. शब्द मी दिला होता, तेव्हा फोनही मलाच करावा लागला. स्पीकर लावून केला.

"सर, तुम्ही तर पक्कं म्हणाले व्हते," दूधवाला म्हणाला.

"मी भागाकार केला होता. गाईला विचारलं नव्हतं."

मागून दाजी ओरडले, "त्यास्नी सांगा, बुडखे हायेत भरपूर, ते न्या म्हनाव!"

"दाजींना सांगा, माझ्या म्हशी काय खुळ्या नाय," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्यानं ताईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ती लगेच गंजीवर ताडपत्री ओढायला गेली.

निघताना काटा मागितला तर ताईनं दिला नाही. तेव्हापासून रोज सकाळी मोबाइलवर चघळीचा आकडा येत राहिला. शब्द नाही, नुसता आकडा. मी वहीत उतरवत गेलो. उन्हाळ्यात तो घसरत गेला, कारण गाय बुडखेही चावू लागली होती आणि ताई ते कोयत्यानं बारीक करून घालत होती. माझा दुसरा हिशेबही थोडा चुकलाच, पण या वेळी गाईच्या बाजूनं.

जूनमध्ये एका सकाळी आकडा आला नाही. दुपारी फोटो आला. गंजीच्या जागी मोकळी, पिवळट गोल जमीन, मधोमध उरलेल्या तीन पेंढ्या. बाजूला गाय बांधावरचं हिरवं खात होती आणि वासरू तिला ढुशा देत होतं. खाली दाजींनी लिहिलं होतं: या तीन पेंढ्या तुमच्या स्टेजला न्या.