ताठ पायाचा सेवानाया

वासीतीला अजून आठवलं की हसू फुटतं. सेवानायाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने त्याला शिष्ट ठरवून टाकलं होतं. तिने आपलं साधं विचारलं, "कुठल्या गावचा?" तर हा पठ्ठ्या नुसता बघत राहिला. फिजीच्या पहिल्या रग्बी संघातून सामोआत खेळून आलेला, म्हणजे माज असणारच, असं तिला वाटलं. नंतर कळलं, खेळताना कुणाचं तरी कोपर बसून बिचाऱ्याचा जबडा सुजला होता. सूज उतरली आणि जे तोंड सुरू झालं, ते लग्नानंतरही वर्षानुवर्षं थांबलं नाही.

थांबलं ते लढाईनंतर. सॉलोमन बेटांच्या जंगलात जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन येताना सेवानायाच्या गुडघ्यात गोळी लागली. पाय वाचला, पण काठीसारखा ताठ. आता आमच्याकडे यांगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला त्याच्या लाकडी परातीभोवती मांडी घालूनच बसायचं. रातूंसमोर, म्हणजे गावच्या सरदारासमोर, पाय पसरणं शोभतं का? मग सेवानायाने बैठकीला जाणंच सोडलं. संध्याकाळी बाहेर पायरीवर बसून आतलं हसणं ऐकत राहायचा. गाव म्हणालं, लढाईत पदक मिळालं ते डोक्यात गेलं.

वासीतीला ते झोंबलं. असाच चुकीचा ग्रह तिनेही करून घेतला होता ना. पण गुडघ्याचं रडगाणं रातूंपुढे गायलं असतं, तर नवरा जन्मभर तिच्याशी बोलला नसता. तिने गुपचूप पलीकडच्या किनाऱ्यावरच्या केलेपीला बोलावणं धाडलं. केलेपी त्याचा ताउवू. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, म्हणून एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही, अशी रीत. वर हा बुवा त्याच संघात राखीव खेळाडू होता.

केलेपी आला, बैठकीत बसला आणि बाहेर ऐकू जाईल असा बोलू लागला. "सामोआच्या मैदानात मधोमध झाड होतं. तुमचा सेवानाया त्यावर आपटला, चेंडू सुटला, आणि हा म्हणतो, रेषेपलीकडे टेकवून गुण घेतले. मी कडेला उभा होतो."

"खोटारडा," पायरीवरून आवाज आला.

"आत येऊन बोल की, म्हाताऱ्या. का झाडाची भीती अजून गेली नाही?"

सेवानाया लंगडत तरातरा आत आला आणि धपकन बसला. पाय सरळ पुढे, रातूंच्या दिशेने. वासीती दाराआडून बघत होती. रातूंनी पायाकडे बघितलं, परात जराशी बाजूला ओढून जागा केली आणि म्हणाले, "हं, चालू दे."

"सामना कधी होता रे, केलेपी?" सेवानायाने विचारलं.

"सकाळी सकाळी. त्या लोकांना नंतर कामावर जायचं होतं."

"आणि आदल्या रात्री त्यांची अख्खी परात एकट्याने संपवून तू दुपारपर्यंत घोरत होतास, ही फुशारकी गावोगाव कोण मारतं?"

"मीच," केलेपी छाती काढून म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

"आता एक काय ते ठरव. यांगोना प्यायलास, की सामना बघितलास?"

केलेपीने परातीकडे पाहिलं. ती फुशारकी सोडणं काही त्याच्याने होईना. "प्यायलो."

"मग चेंडू?"

"टेकवला असशील."

"असशील काय?"

"टेकवलास, बाबा," केलेपी म्हणाला.