घर पत्नीच्या नावे

नवी मुंबईत अर्ज आणि दस्त लिहिण्याचे काम मी प्रतिष्ठेने करीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि मी लिहिलेल्या मृत्युपत्रातील एखादे वाक्य बदलावे, असे आजवर एकाही वकिलास वाटलेले नाही.

मागील वर्षी एक माथाडी कामगार पत्नीसह माझ्या टेबलापाशी आले. कोपरखैरण्यातील घर मुलास द्यावे आणि मुलाने आईस सांभाळावे, असे मृत्युपत्र त्यांना हवे होते.

मी म्हणालो, "सांभाळावे असे लिहिता येते, करवून घेता येत नाही. घर पत्नीच्या नावे लिहा. मुलाला पुढे त्याच देतील."

"पोरगा काय परका हाय का, साहेब?"

"मुलगा परका नाही. परंतु उद्या सून येईल, ती कशी निघेल?"

यावर त्यांच्या पत्नी हसल्या. "सुनेवर कशाला ढकलता, भाऊ? मी बी सूनच हाय. ह्यांच्या आईची खाट आमी दोघांनी मिळून गॅलरीत टाकली. एक बाजू ह्यांनीच धरली हुती."

गृहस्थांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "लिवा हिच्या नावानं."

मी वाक्य रचले: "माझ्या पश्चात सदर घराची संपूर्ण मालकी माझ्या पत्नीची राहील, आणि तीस तेथून कोणीही काढू शकणार नाही." बाईंनी ते पुन्हा वाचावयास सांगितले. शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल, अशा आवाजात मी ते वाचले.