मेंदीखालचं नख

भिसेगावात सून म्हणून आले, त्याला दोन महिने झाले तरी नखांवरची मेंदी लालभडक होती, आणि तीच माझ्या मुळावर आली. विहिरीवरून हंडा आणताना मला धाप लागायची. सासूबाई म्हणायच्या, कामाचा कंटाळा. राग यायचा, पण नवी सून बोलणार काय?

एकदा घरातल्या बायकांची नखं काढायला न्हावीण आली. तिनं माझं बोट उन्हात धरलं. नख मधोमध खोलगट झालं होतं, आणि मेंदीच्या मागून नवा आलेला भाग पांढराफटक होता; मेंदीच्या लालीत हे कुणाला दिसलंच नव्हतं. ती सासूबाईंना म्हणाली, "आक्का, पोरगी आळशी नाय. हिच्या अंगात रगत नाय. सगळ्यांच्या मागनं हिला जेवायला काय उरतं, ते बगा."

त्या दुपारी सासूबाईंनी माझं पान आपल्या शेजारी मांडलं आणि नाचणीच्या भाकरीवर गुळाचा खडा ठेवला. पुढं मेंदीची रेघ वर सरकत गेली आणि तिच्या मागून गुलाबी नख आलं.

माझ्या सुनेच्या वेळी मी मेंदी तळहातावरच थांबवली. बायका हसल्या. हसू देत. मला तिची नखं दिसायला हवी होती.