दुहेरी अस्तराचा पडदा

हसायचं नाही, आधीच सांगते. असा वेंधळेपणा मी जन्मात केला नव्हता, आणि तोही स्वतःच्या हातांनी शिवून!

बडोद्याला अकोट्यात आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारी नुसती भट्टी. म्हटलं, अस्तराचे पडदे शिवू. दुकानदार म्हणाला, एक अस्तर बस छे बेन. पण मी कुणाचं ऐकते होय? काळं, जाड, ऊन अडवणारं अस्तर चक्क दुहेरी लावलं. मशीनच्या दोन सुया मोडल्या, तीन दिवस धड झोप नाही. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर पडदे टांगले, कडा भिंतीला चिकटवल्या आणि दिवाणावर जरा आडवी झाले.

जाग आली तर मिट्ट काळोख! चाचपडत मोबाईल बघितला. पावणेचार. इतकी झोपले मी? आणि हे कुठायत? संध्याकाळी सहाला दारात असणारा माणूस पहाटे पावणेचारला घरी नाही! दिवा लावायला उठायचीही हिंमत होईना, आत चोर असला तर? रस्त्यावरून एक हूं की चूं नाही.

यांचा फोन बंद. शहराबाहेर बाजव्याला प्लांटमध्ये नोकरी. गॅस, आग, काय काय मनात आलं म्हणून सांगू? शेवटी प्लांटच्या गेटवर फोन लावला.

गेटवाला शांतपणे म्हणाला, "साहेब अंदर छे, बेन. साडा पांच वागे छूटशे."

पहाटे साडेपाचला? म्हणजे नक्कीच काहीतरी लपवताहेत! मी हंबरडाच फोडला. म्हटलं, जिवंत असतील तर आत्ताच्या आत्ता फोनवर बोलवा. बिचारा घाबरला. त्यानं आत निरोप धाडला, साहेबांच्या घरी काहीतरी भयंकर झालंय.

हे धापा टाकत गेटवरच्या फोनवर आले. "काय झालं गं? कुणाला काय झालं?"

"अहो, तुम्ही बरे आहात ना? पहाटेचे चार वाजले, मी एकटी अंधारात बसलेय."

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "अगं, जरा तो पडदा बाजूला कर."

केला. भस्सकन ऊन डोळ्यांत शिरलं. सगळं बडोदं दुपारची झोप काढत होतं, फक्त समोरचे काका बनियनवर कुंड्यांना पाणी घालत होते. लाजले का मी? छे, आधी ढसाढसा रडले. माणूस धडधाकट होता हो माझा!

एक अस्तर उसवून टाकलं दुसऱ्याच दिवशी. पण आता काय उपयोग? हे रोज संध्याकाळी सुटले की आमचं बोलणं ऐकलेला तो गेटवाला सलाम ठोकतो आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "साहेब, घेर सवार पडी?" घरी सकाळ झाली का म्हणे!