सुभेदारांनी रंगवलेली खाण

कोयनानगरच्या वर, आमच्या पठारावर, लोखंडाची जुनी खाण आहे. खाण म्हणजे तांबड्या जांभ्यात खणलेला घराएवढा खड्डा. पूर्वी लोक यातला दगड फोडून भट्टीत लोखंड गाळायचे. गावाच्या लेखी मात्र ती शेळ्या पडायची जागा. ग्रामपंचायतीने मुरूम टाकून ती बुजवायची ठरवली, तेव्हा माझं डोकं फिरलं. उभा जन्म मी भूगोल शिकवला, आणि लोखंड कुठून येतं विचारलं की पोरं ‘हार्डवेअरच्या दुकानातून’ म्हणायची. त्यांना दाखवायला दारात खाण होती.

आम्ही चार-पाच रिकामटेकडी माणसं रविवारी जाऊन तिथली घाणेरीची झुडपं तोडू लागलो. आमचे पुढारी शेजारचे निवृत्त सुभेदार. पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. खड्डा माणसांनीच खणला याची खूण मिळाली, तरच ते ‘जपण्याजोगी’ असं लिहिणार होते. जागा आहे तशी ठेवा, असं मी सगळ्यांना दहादा बजावलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी वर पोचले, तर काय! खाणीची भिंत पांढरीशुभ्र. काठाच्या दगडांना खाली गेरू, वर चुना. फौजेत साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला रंग द्यायचा, ही सुभेदारांची जुनी सवय.

“आवं बाई, साहेब येनार, मग जागा अशी उघडीबोडकी दावायची व्हय?”

“खूण मिळाली तर या भिंतीवरच मिळणार होती. आता त्यांना काय दाखवू, तुमचं डोंबल?”

माझा आवाज खालच्या वस्तीवर गेला असणार. सुभेदारांचा चेहरा उतरला. ते ओढ्यावरून पाणी घेऊन आले. चुना अजून ओलाच होता. मीही पदर खोचला आणि आम्ही पोत्यांनी भिंत पुसू लागलो. निम्मी झाली नाही तोच साहेबांची जीप आली.

“हे कुणी केलं?”

सुभेदार हातातल्या पोत्यासकट सावधान झाले. “म्या केलं, सर. बाईंचा काय दोष न्हाई. सजा मला द्या, पर खाण बुजवू नका.”

मला फार वाईट वाटलं. इतकं बोलायला नको होतं.

साहेबांचं लक्षच नव्हतं. ते पुसलेल्या भिंतीकडे बघत होते. वरचा चुना निघाला होता, खाचांतला तसाच राहिला होता. तांबड्या दगडात आम्हाला कधीच न दिसलेले पहारीचे घाव ओळीने पांढरे उठले होते. साहेबांनी फोटो काढले, आम्हाला यथेच्छ झापलं, पुन्हा चुन्याला हात लावाल तर पोलिसांत देईन म्हणाले, आणि वहीत ‘जपण्याजोगी’ असं लिहिलं.

सुभेदार अजून भिंतीपाशीच होते. सगळे घाव एका अंगाला कललेले, कोपऱ्यातली एक ओळ तेवढी उलटी. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

“बाई, ह्यो गडी डावखुरा हुता.”

तोवर मला त्या खाणीत नुसता दगडच दिसला होता.