बायजाची दोन बोटं

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत एखाद्या भिंतीवरून हात फिरवला आणि तो कुठेच अडला नाही, की ती बायजाने पोतारलेली आहे हे विचारावं लागत नसे. आधी लाल माती, मग पांढरी, आणि वरून घोटायला तिच्या कमरेच्या बटव्यातला काळा गोटा. नदीतला तो गोटा तिच्या नवऱ्याने, मंगरूने आणून दिलेला. मंगरू जंगलात लाकडं तोडताना गेला. मुलगी जिजा लहान होती. तेव्हापासून बायजा लोकांची घरं सारवून पोट भरत होती.

तिचा एक हट्ट होता. काम संपलं की ती दारात बसून राही. घरच्या बाईने सारवणावर रांगोळीची दोन बोटं, दोन सरळ रेघा, ओढली, की मगच उठे. कोरं सारवण मयताच्या घरी असतं, आणि तसं एक तिने स्वतःच्या घरी पाहिलं होतं. रांगोळीला स्वतः मात्र ती कधी हात लावत नसे. विधवेचा हात. तिच्या गोंड माणसांत एवढं सोवळं नव्हतं, पण वर्ध्यातल्या शहाण्यासुरत्या घरांनी तिला ते नीट शिकवलं होतं. भिंतीला तिचा हात चालायचा, रांगोळीला चालायचा नाही. मला याचा राग येई. पण मीही कधी कुणाला काही बोलले नाही, हेही सांगितलं पाहिजे.

साल चोपन्न. लीनाबाई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो आणि शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. मी भूगोल, त्या गृहशास्त्र. त्यांची नोकरी दोन वर्षं कच्चीच होती. यंदा पक्की झाली नाही तर हिंगणघाटला परत यायचं आणि ठरवलेल्या स्थळाशी लग्न करायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. सगळं नागपूरहून येणाऱ्या निरीक्षिकाबाईंच्या हातात होतं. आणि त्या बाईंनी प्रात्यक्षिकाला काय मागवावं? केक, वरून फॉन्डंटचं, म्हणजे साखरेचं, गुळगुळीत आवरण. जिथे निम्मं गाव साखरेला नाक मुरडून गूळ खातं, तिथे! शिवाय पत्रात ताकीद होती की वर नक्षी नको, एक ठिपकाही नको. नक्षी दिसली तर भेगा झाकल्या असं धरलं जाईल.

केक जमला होता. वाळू घातलेल्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून लीनाबाईंनी तो छान फुगवला. अडलं ते आवरणापाशी. पिठीसाखर, अंड्यातला पांढरा भाग आणि ग्लुकोज मळून पोळी लाटायची आणि केकवर पांघरायची. पण चैत्र तोंडावर आलेला. त्या कोरड्या उन्हाळ्यात पोळी केकपर्यंत पोचेतो तडकायची. तीन दिवस हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी दुपारी बायजा पाडव्याचं सारवण करायला आली, तेव्हा प्रात्यक्षिक उद्यावर आलेलं आणि लीनाबाई चुलीपाशी बसून रडत होत्या.

बायजाने ते पांढरं प्रकरण आधी लांबून पाहिलं, मग जवळून. हे खायचं असतं, यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "आधी खालचे खड्डे बुजवा लागते, बाई. वरून कितीबी पोतारलं तरी खालचं दिसतेच."

तिने हात घासून धुतले. केकच्या खळग्यांत साखरेचाच लगदा भरून घेतला. पोतारा भिंतीवरून सुटू नये म्हणून ती त्यात धावड्याचा डिंक घाली. तसाच थोडा डिंक भिजवून तिने साखरेत मळायला लावला. पोळी तडकली नाही. एक चूक मात्र तिनेही केली. सवयीने ओला हात फिरवला आणि साखर विरघळून तिथे डाग पडला. बायजाने ती पोळी काढून टाकली, दुसरी लाटून घेतली आणि या वेळी हाताला कोरडी पिठीसाखर लावली. शेवटी गोटा उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, मलमलीत गुंडाळला आणि तासभर हलक्या हाताने फिरवला. मी नंतर पाहिलं. शिवण नाही, सुरकुती नाही.

मग ती केककडे पाहत दारात बसली.

"बाई, दोन बोटं ओढा न."

लीनाबाईंनी तिला सगळं समजावलं. एक रेघ ओढली तर नोकरी जाईल, लग्न करून जावं लागेल. बायजाने ऐकून घेतलं. त्या दिवशी ती वाद न घालता उठली, याचं मला नवल वाटलं. उरलेली ओंजळभर पिठीसाखर लीनाबाईंनी जिजासाठी म्हणून तिच्या पदरात घातली.

सकाळी दार उघडलं तर लीनाबाईंच्या उंबऱ्याबाहेर मुंग्यांच्या दोन रांगा. सरळ, शेजारी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी झाडू घेऊन वाकले तेव्हा मुंग्यांखाली पांढरं दिसलं. जिजासाठी दिलेली ओंजळभर साखर होती, सगळी तिथेच संपली होती. मी झाडू परत ठेवला. लीनाबाई केक घेऊन त्या रांगा ओलांडून शाळेत गेल्या.

निरीक्षिकाबाईंनी आवरणावरून नखं फिरवली, चष्मा लावून पाहिलं आणि शेरा लिहिला. जूनमध्ये लीनाबाईंची नोकरी पक्की झाली.

पुढे दिवाळीला बायजा सारवायला आली तेव्हा लीनाबाईंनी तिला विचारलं, तू तर कधी रांगोळीला हात लावत नाहीस, मग त्या दिवशी कसा लावलास? बायजा भिंतीवर गोटा फिरवत राहिली.

"माया हात चालत नाई, मले मालूम हाय. पन तुमचं घर तसंच कोरं टाकून जाववलं नाई."

काम संपल्यावर लीनाबाईंनी रांगोळीची वाटी तिच्यापुढे धरली. बायजाने दोन्ही हात पदराला पुसले, वाटीकडे पाहिलं, पण ती घेतली नाही.

"आता तुमी हाय न," ती म्हणाली आणि दारात जाऊन बसली.

लीनाबाईंनी दोन बोटं ओढली. वाकडी आली. बायजा उठली आणि घरी गेली.